पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका नीट बघितला का, हे आपल्याला कसं कळणार?

रविवारी दादाचा फोन आला. वहिनीला चौथा महिना लागलाय, राहतात ऐरोलीला, आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची मोठी सोनोग्राफी लिहून दिलीये. "तुझ्या वेळी ते मणक्याचं काहीतरी निघालं होतं ना, तर काय बघायचं, काय विचारायचं ते जरा लिहून पाठव," एवढंच म्हणाला. लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की म्हटलं आता सगळ्यांसाठीच लिहून टाकू, कारण माझ्या वेळी हे असं सरळ मराठीत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आधी माझं थोडक्यात. १९व्या आठवड्यात ठाण्यातच एका सेंटरला अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे हीच पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी, केला, बाहेर बाकड्यावर दीड तास आणि आत दहा मिनिटं, रिपोर्टात मणक्यापुढे एकच शब्द, नॉर्मल. आम्ही खूश, येताना तलावपाळीला भेळ खाल्ली. माझी गायनॅक मात्र जरा खडूस, तिने पाकीट उलटं करून सगळे फोटो टेबलावर पसरले आणि म्हणाली, "चेहऱ्याचे तीन फोटो आहेत, मणक्याचा एकही नाही, मग मी कशावरून मानू?" तिने वाशीच्या बाजूला फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणीतल्या तज्ज्ञ, एका डॉक्टरांकडे पाठवलं, ट्रान्स-हार्बरने गेलो, आणि तिथे अर्धा तास बघून झाल्यावर ते म्हणाले की पाठीच्या खालच्या भागातला एक मणका अर्धाच तयार झालाय. मुलगी आता चार वर्षांची आहे, गच्चीत सायकल हाणते, वर्षातून एकदा पाठीचा एक्स-रे होतो, बस. पण ते दोन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, रिपोर्टात "नॉर्मल" शोधू नका, काय काय बघितलंय ते शोधा. मी डॉक्टर नाही, हे सगळं विचारून विचारून आणि वाचून जमा केलेलं आहे, तुमच्या केसचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आठवडे मोजा, महिने नाही

आजी म्हणते पाचवा महिना, सोनोग्राफीवाले म्हणतात १९ आठवडे, आणि या दोन हिशोबांत गोंधळ झाला की तारीख हुकते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि पहिल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून तारीख बदलून दिली असेल तर तीच धरायची.

बाळाचा मज्जारज्जू सुरुवातीला एक चपटी पट्टी असते, ती तूप-साखर लावलेल्या पोळीच्या सुरळीसारखी गुंडाळत जाते आणि तिची नळी होते. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोवर दिवस गेलेत हेच माहीत नसतं. नळी कुठे उघडी राहिली तर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. झालंय ते तेव्हाच झालेलं असतं, सोनोग्राफीत ते दिसायला मात्र वेळ लागतो.

पहिला टप्पा एनटी स्कॅन, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. यात मानेमागचं पाणी मोजतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण चांगला हात असेल तर डोक्याच्या मागच्या भागात मेंदूची एक छोटी काळी पोकळी दिसतेय का तेही बघतात, ती दिसली नाही तर उघड्या स्पायना बिफिडाची शंका इतक्या लवकर येऊ शकते. मोठा दोष असेल, मणका फारच वाकडा असेल तर तोही इथे दिसतो. बारीकसारीक गोष्टी नाही दिसत, तेव्हा हाडंच पुरती धरलेली नसतात.

आता रक्ताच्या टेस्टचा घोळ, इथे माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका फसल्यात. डबल मार्कर, म्हणजे तिसऱ्या महिन्यातली डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांसाठीची रक्ताची टेस्ट, नॉर्मल आली म्हणजे मणका नॉर्मल, असं काहीही नाही, त्या टेस्टचा मणक्याशी संबंधच नाही. एवढे पैसे मोजून केलेली एनआयपीटीसुद्धा गुणसूत्रांची आहे, उघडा मणका त्यात कळत नाही. त्यासाठी आईच्या रक्तातलं एएफपी, बाळाकडून येणारं एक प्रथिन, बघावं लागतं, ते १५ ते २० आठवड्यांत होतं आणि क्वाड्रुपल मार्कर या चार घटकांच्या रक्ताच्या टेस्टमध्ये असतंच. ते २.५ एमओएमच्या, म्हणजे त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याच्या अडीच पटीच्या, वर गेलं की डॉक्टर सोनोग्राफी जास्त बारकाईने करायला सांगतात. वर गेलं म्हणजे दोष आहेच असं नाही, जुळी असली किंवा तारीख चुकलेली असली तरी वाढतं.

आणि मुख्य अ‍ॅनॉमली स्कॅन, १८ ते २० आठवडे. बाळ मोठं असलं की जास्त स्पष्ट दिसतं म्हणून काहीजणी २२पर्यंत थांबतात, पण मी म्हणेन १९ धरून चला, कारण काही निघालं तर पुढच्या टेस्टना, दुसऱ्या मताला आणि निर्णयाला दिवस लागतात आणि कायद्याचं घड्याळ वेगळं चालू असतं, ते खाली सांगते.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारा

निदान पंधरा दिवस आधी फोन करा. फोनवर विचारायचं, स्कॅन कोण करणार, एका पेशंटला किती वेळ देतात, मणक्याचे फोटो रिपोर्टसोबत मिळतात का. रिसेप्शनवाली वैतागते, वैतागू दे. नॉर्मल बाळाचं सगळं नीट बघायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, दहा-दहा मिनिटांचे स्लॉट असतील तर मी तरी तिथे जाणार नाही. घरात आधी कुणाला मणक्याचा त्रास झालाय, आईला दिवस जायच्या आधीपासून डायबेटिस आहे, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, खास करून व्हॅल्प्रोएट, तर पहिल्यापासूनच फीटल मेडिसिनवाल्यांकडे जा, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्या दिवशी

डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट. एफ फॉर्म भरून घेतात आणि सही घेतात, तो पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा भाग आहे, नाटकं नाहीत ती. पेढे की बर्फी असं गमतीतसुद्धा विचारू नका, विचारणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या महाराष्ट्राने हा कायदा देशाच्या आधी, १९८८ मध्येच केला होता.

खाऊन जा. या महिन्यात लघवी तुंबवून बसायची सहसा गरज नसते, तरी सेंटरला विचारा. कुर्ता-लेगिंग बरं पडतं.

मग बाळाचा मूड. मणका बघायला बाळ पालथं, म्हणजे पाठ आईच्या पोटाच्या बाजूला आणि पाठीवर थोडं पाणी, असं असलं तर उत्तम. बाळ उताणं झोपलं असेल तर त्याची पाठ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते आणि कातडीची रेघ वेगळी दिसतच नाही. अशा वेळी डॉक्टर म्हणतात जरा फिरून या, काहीतरी खाऊन या. मला दोनदा बाहेर काढलं, खाली टपरीवर वडापाव खाल्ला, मग बाईसाहेब वळल्या. याचा राग धरू नका, उलट परत बोलावणारा डॉक्टर चांगला समजा. बाळ खाली बसलेलं असेल तर शेपटाकडचा भाग बघायला कधी आतून सोनोग्राफी करतात, त्याने बाळाला काही होत नाही. आईचं वजन जास्त असेल, पाणी कमी असेल तर चित्र धूसर येतं, आणि मग "नीट दिसलं नाही, आठवड्याने या" असं रिपोर्टात लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

मणका बघायचा तर आधी डोकं

हे मला सगळ्यात भारी वाटलं. पाठीत नळी उघडी असेल तर तिथून पाणी झिरपतं, डोक्यातला दाब कमी होतो आणि मेंदूचा मागचा भाग खाली मानेकडे ओढला जातो. त्यामुळे लहान मेंदू, जो एरवी डंबेलसारखा दिसतो, तो वाकून केळ्यासारखा होतो. आणि कपाळाची हाडं दोन्हीकडून आत दबतात, डोक्याचा आडवा छेद लिंबासारखा दिसतो. केळं आणि लिंबू, अक्षरशः हीच नावं आहेत, बनाना साइन आणि लेमन साइन, १९८६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या निकोलायड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. पाठीतलं भोक काही मिलिमीटरचं असतं, ते हुकू शकतं, पण डोकं सगळेच मोजतात, म्हणून या खुणांनी खूप फरक पडला. लिंबू एकटंच दिसलं तर घाबरू नका, काही ठणठणीत बाळांतही दिसतं आणि २४ आठवड्यांनंतर बरेचदा जातं, केळं मात्र जास्त पक्कं.

तुमच्या रिपोर्टात याचे तीन आकडे असतात, ते स्वतः बघा. टीसीडी म्हणजे लहान मेंदूची रुंदी, ती या काळात मिलिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच येते, २० आठवडे तर २०च्या आसपास. सिस्टर्ना मॅग्ना म्हणजे त्याच्या मागची पाण्याची जागा, २ ते १० मिलिमीटर, ती नाहीशी झाली असेल तर शंका. आणि लॅटरल व्हेंट्रिकल, मेंदूतली पाण्याची पोकळी, ती १०च्या आत हवी. तीनही आकडे ठीक आणि लहान मेंदूचा आकार ठीक, तर उघडा स्पायना बिफिडा असण्याची शक्यता खूपच कमी होते.

पण, आणि माझी केस या "पण"मधलीच, ज्या दोषावर कातडी असते त्यात पाणी झिरपत नाही, त्यामुळे डोकं एकदम छान दिसतं, एएफपीही नॉर्मल येतं. अर्धा मणका, दुभंगलेला मज्जारज्जू, कातडीखालची चरबीची गाठ, हे सगळं डोक्यावरून कळत नाही. त्याला मणकाच बघावा लागतो, तोही मानेपासून माकडहाडापर्यंत.

मणका तीन बाजूंनी

उभा, बाजूने बघितला तर पूर्ण कणा एका ओळीत मण्यांसारखा दिसतो, वर कातडीची अखंड रेघ आणि खाली शेपटाकडे निमुळता होत थोडा वर वळलेला. समोरून बघितला की दोन समांतर रांगा दिसतात, आमच्या डॉक्टरांनी स्क्रीन वळवून दाखवलं, "हे बघा, रेल्वेचे रूळ. आणि इथे बघा, एका रुळाचा एक दगड जास्त आहे, म्हणून गाडी जरा डावीकडे झुकतेय." एकदा सांगितल्यावर मलाही दिसलं, आणि नवऱ्याला तर माझ्या आधी दिसलं.

तिसरा आडवा छेद, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा, कारण एकेक मणका करत खालपर्यंत जायचं असतं. प्रत्येक मणक्यात हाडाचे तीन पांढरे ठिपके दिसतात, एक पुढे आणि दोन मागे, मागचे दोन एकमेकांकडे झुकलेले, त्यांचा त्रिकोण होतो. नळी उघडी असेल तिथे मागचे दोन फाकतात, त्रिकोणाच्या जागी इंग्रजी व्ही किंवा यूसारखा आकार होतो, वर कातडी नसते आणि कधी पाण्याची पातळ पिशवी बाहेर आलेली दिसते. त्रिकोणाच्या मध्येच एखादा जास्तीचा पांढरा ठिपका असेल तर मज्जारज्जू दुभंगून मध्ये हाड आल्याची शंका घेतात.

शिवाय पाय. घोटे सरळ आहेत का, पाय हलतायत का, मूत्राशय भरतं-रिकामं होतं का. पाय आत वळलेले असतील तर मणका परत एकदा बघायलाच हवा.

रिपोर्ट घरी नेण्याआधी तिथेच वाचा. मान, पाठ, कंबर, माकडहाड असं पूर्ण बघितल्याचं लिहिलंय का, कातडी अखंड असल्याचं लिहिलंय का, फोटो आहेत का. नसेल तर तिथल्या तिथे विचारा, एकदा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये शिरलात की परत फिरणं होत नाही.

काही निघालंच तर

पहिलं म्हणजे नाव लिहून घ्या, कारण कानात नुसतं शीळ वाजल्यासारखं होतं आणि गाडीत बसेपर्यंत सगळं विसरतो. "मणक्यात प्रॉब्लेम आहे" या एका वाक्यात आकाश-पाताळाचा फरक असलेल्या गोष्टी येतात.

अर्धा मणका म्हणजे हेमिव्हर्टिब्रा. एकटाच असेल तर बहुतेक बाळं छान असतात, पुढे पाठ वाकते का ते बघत राहायचं आणि काहींना ऑपरेशन लागतं. पण हा पाहुणा कधी कधी सोबत घेऊन येतो, म्हणून हृदय, किडन्या, अन्ननलिका, गुदद्वार, हात-पाय हे सगळं तपासावं लागतं. आमची फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, तेव्हाच झाली.

उघडा स्पायना बिफिडा असेल तर विचारायचा प्रश्न, दोष वर कुठपर्यंत आहे. जितका खाली तितकं चालण्याच्या दृष्टीने बरं. लघवी-संडासच्या नियंत्रणाचा प्रश्न मात्र खालच्या दोषातही येतो आणि त्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही, तुम्ही विचारा. डोक्यात पाणी साठून शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, लागेल का, तेही विचारा.

माकडहाडाचा भागच तयार झालेला नसेल तर आईची शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर, आधी बघतात, आधीपासूनच्या डायबेटिसशी याचा जवळचा संबंध आहे. शेपटाकडे गाठ दिसली, सॅक्रोकॉक्सिजिअल टेराटोमा, तर ती किती वाढतेय आणि तिच्याकडे किती रक्त जातंय हे दर थोड्या दिवसांनी बघावं लागतं, कारण त्याचा ताण बाळाच्या हृदयावर येतो.

पुढच्या टेस्ट साधारण अशा: फीटल मेडिसिनवाल्यांकडे पुन्हा सोनोग्राफी, थ्रीडीने मणके मोजणं, गरज वाटली तर गर्भाचा एमआरआय, तो २०-२२ आठवड्यांनंतर आणि इंजेक्शनशिवाय. आणि पोटातलं पाणी काढून गुणसूत्रांची तपासणी, विशेषतः मणक्यासोबत अजून काही निघालं असेल तर. यासोबत मुलांच्या न्यूरोसर्जनना किंवा ऑर्थोपेडिकना बाळंतपणाच्या आधीच एकदा भेटा. आम्ही परळला जाऊन भेटलो, त्यांनी कागदावर पेनने मणके काढून दाखवले, घरी आल्यावर त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

कायद्याचं घड्याळ. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये बाळात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांचं, आणि २४च्या पुढे गंभीर दोषासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. निर्णय काय घ्यायचा हे मी कोण सांगणार, फक्त तो घाईत आणि अर्ध्या माहितीवर घ्यायची वेळ येऊ नये म्हणून १९वा आठवडा म्हणत होते. आणि सही आईची लागते, सासूची नाही, कुणाचीच नाही. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

पोटातच ऑपरेशन होतं का हेही बरेच विचारतात. होतं, उघड्या स्पायना बिफिडासाठी. अमेरिकेतला २०११चा मॉम्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात २६ आठवड्यांच्या आत पोटातच ऑपरेशन केलेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात शंट लागला, जन्मानंतर ऑपरेशन केलेल्यांत हेच प्रमाण ८२ टक्के होतं, आणि अडीच वर्षांची होईपर्यंत आधाराशिवाय चालणारी ४२ टक्के विरुद्ध २१ टक्के. पण मुदतीआधी बाळंतपण, गर्भाशयावर कायमचा व्रण आणि पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियन, ही किंमत आईने मोजायची असते. ते सगळ्यांना लागू होत नाही, विचारायला हरकत नाही.

बाळंतपण आणि नंतर

उघडा दोष असेल तर जिथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, आणि न्यूरोसर्जन एकाच इमारतीत आहेत तिथेच नाव घाला, जखम सहसा ४८ ते ७२ तासांत बंद करतात आणि तोवर बाळाला पालथं ठेवतात. सरकारी आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत न्यूरल ट्यूबचे दोष येतात, त्याची चौकशी सिव्हिलला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात करा.

पुढच्या वेळेसाठी, आणि खरं तर पहिल्या वेळेसाठीही, फॉलिक अ‍ॅसिड. दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून १२ आठवड्यांपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर ४ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट, डॉक्टरांना विचारून. १९९१च्या ब्रिटिश अभ्यासात या मोठ्या डोसने पुन्हा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं होतं. मेडिकलवाला न विचारता ५ मिलिग्रॅमची पट्टी देतो, तेव्हा चिठ्ठीवरचा आकडा वाचून घ्या.

आणि हे दादासाठी खास. सोनोग्राफी कितीही चांगली झाली तरी कातडीखालचे दोष सुटू शकतात, त्यामुळे बाळ झाल्यावर त्याची पाठ उजेडात बघा. मणक्यावर केसांचा पुंजका, लाल डाग, मऊ गाठ, किंवा ढुंगणाच्या फटीच्या वर खळगा असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पहिल्या तीन महिन्यांत मज्जारज्जू साध्या सोनोग्राफीतही दिसतो, नंतर हाडं घट्ट होतात आणि एमआरआय लागतो. फटीच्या आत असलेला छोटा खळगा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पाठ सगळ्यात आधी आणि रोज बघणार त्या मालिशवाल्या मावशी, त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेव, आणि त्यांनी काही म्हटलं तर "होतं हो लहानपणी" म्हणून उडवून लावू नकोस.